बगॅसचा 'हायड्रोजन कागद'?



हायड्रोजनवर वीज करणाऱ्या फ्युएल सेलमध्ये कार्बन तंतूंचा कागद लागतो, हे कळल्यापासून 'आपल्या बगॅसचा करू की!' असं काहींनी चालवलंय. (पावतीबुकातला कार्बन पेपर तो हा नव्हे!)

जपानची टोरे कंपनी असा कागद करते. अ‍ॅक्रिलिकच्या जातीच्या धाग्यापासून कार्बन तंतू करायचे, तुकडे कागदासारखे पसरायचे, रेझिन पाजायचं आणि हवा लागू न देता २००० अंशांवर तापवायचं. जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर! तरी त्यातून वायू आत जावा, वीज वाहावी, तयार झालेलं पाणीही बाहेर पडावं. बगॅसचे तंतू आखूड, त्यात राख अन् वाळू. शेअरचा पैसा यात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सभेत ठराव आलाच, तर माल घेणार कोण, हे आधी विचारा.