परत आलेला धनादेश आणि वकिलाचा प्रश्न

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण व्यापारी घरांत जितक्या निष्ठेने पाळली जाते तितकी अन्यत्र क्वचितच. तिच्यामागे अनेक पिढ्यांचा अनुभव आहे, यात शंका नाही. तथापि धनादेश न वटता परत येतो तेव्हा ही म्हण पाळणाऱ्याचेच बहुधा नुकसान होते. वकिलाचा सल्ला आणि कोर्टाची पायरी या दोन गोष्टी एकच मानल्या जातात. वकिलाकडे गेले की खटला, खटला झाला की वैर, आणि वैर झाले की समाजात तोंड दाखवायला जागा नाही, अशी साखळी मनात तयार होते. आणि ती तुटेपर्यंत कायद्याने दिलेले दिवस निघून गेलेले असतात.

उदाहरणादाखल सांगलीच्या बाजारपेठेतील हळदीचा एक घाऊक व्यापारी डोळ्यांसमोर आणावा. माल गेला पुण्याच्या एका भागीदारी पेढीकडे. ही पेढी त्याच्या मुलीच्या सासरची. धनादेश ४,८०,००० रुपयांचा, सही मुलीच्या थोरल्या दिरांची. जावई त्याच पेढीत कागदोपत्री भागीदार, पण व्यवहारात लक्ष न घालणारा. ४ जूनला बँकेचा मेमो हाती येतो : खात्यात पुरेशी रक्कम नाही. तरुण मुलगा म्हणतो, आजच वकील लावू. आई म्हणते, मुलीच्या दारात नोटीस पाठवायची? वडील म्हणतात, पर्युषण होऊ दे, मग समोरासमोर बसून बोलू.

तिघांचेही म्हणणे त्यांच्या परीने खरे आहे. परंतु पंचांगातील दिवस आणि कायद्यातील दिवस एकमेकांसाठी थांबत नाहीत. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम १३८ नुसार धनादेश परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणीची नोटीस पाठवावी लागते. म्हणजे ४ जूनला मेमो आला असेल तर ४ जुलै हा शेवटचा दिवस. ही नोटीस ८ जुलैला पुण्यात पोहोचली तर पेढीला रक्कम देण्यासाठी १५ दिवस मिळतात, म्हणजे २३ जुलैपर्यंत. त्या मुदतीत पैसे आले तर गुन्हा घडलाच नाही, असे कायदाच मानतो. पैसे आले नाहीत तर त्यापुढील एक महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. २३ ऑगस्ट ही तारीख धरून चालणे सुरक्षित. १५ दिवस पुरे होण्याआधी घाईने केलेली तक्रार टिकत नाही. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडे माफी मागता येते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र अशी माफी नाही. ते दिवस चुकलेच, तर धनादेशाच्या तारखेपासून तीन महिने उलटलेले नाहीत ना, हे पाहावे. मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरता येतो आणि परत आल्यास दिवस नव्याने मोजता येतात.

म्हणजेच नोटीस ही लढाईची सुरुवात नसून देणेकऱ्याला कायद्याने दिलेली शेवटची सवड आहे. सोयऱ्यांच्या घरी ती कोरडी वाटेल हे खरे. म्हणून आधी फोन करावा, नोटीस कोणत्या तारखेला आणि का पाठवावी लागत आहे ते सांगावे, संघातील एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घालावे. हे सारे नोटिशीच्या जोडीने चालावे, तिच्याऐवजी नव्हे. येणे सोडून द्यायचे असेल तर तो अधिकार व्यापाऱ्याचा आहे आणि क्षमेची थोरवी आपल्या घरांना शिकवावी लागत नाही. पण संकोचाने मुदत घालवणे आणि समजून-उमजून क्षमा करणे यांत अंतर आहे. पहिल्या प्रकारात मनातला राग तसाच राहतो, फक्त हातातला उपाय जातो.

आता मूळ प्रश्न : वकील हवाच का? नोटीस वकिलानेच द्यावी असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. पेढीच्या लेटरहेडवर, साध्या मराठीत, धनादेशाचा क्रमांक, तारीख, रक्कम, मेमोतील कारण आणि १५ दिवसांत रक्कम देण्याची मागणी लिहून ती स्पीड पोस्टाने पाठवली आणि पावती जपून ठेवली, तरी ती नोटीसच असते. पुढे तक्रारही स्वतः चालवता येते. असे असूनही नोटीस पाठवण्यापूर्वी वकिलाला एक तास कागद दाखवावेत आणि त्या एका तासाचे पैसे द्यावेत, यात कंजूषी करू नये. सल्ला घेणे म्हणजे वकीलपत्र देणे नव्हे. हा भेद बाजारात फारसा लक्षात घेतला जात नाही, आणि काही वकीलही तो आपणहून सांगत नाहीत.

त्या एका तासाची किंमत कशात आहे, ते वरील उदाहरणातच दिसते. नोटिशीत धनादेशाची नेमकी रक्कम मागावी लागते. मुनीमजी सवयीने मागची थकबाकी, व्याज आणि हमाली मिळवून एकच आकडा लिहितात, आणि तेथेच नोटीस कमकुवत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तर टंकलेखनाच्या चुकीने वेगळी रक्कम पडली, ही सबबही मान्य केली नाही. दुसरी गोष्ट, धनादेश हाती आल्यानंतर आणि तो भरण्यापूर्वी आरटीजीएसने काही रक्कम जमा झाली होती का? झाली असेल आणि त्याची नोंद धनादेशावर न करता पूर्ण रकमेचा धनादेश भरला असेल, तर कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असे त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा वेळी उरलेल्या रकमेचा नवा धनादेश मागून घेणे हाच शहाणपणा. खतावणी उघडून पाच मिनिटे पाहिली तर जे कळते, ते न पाहिल्यामुळे दोन-तीन वर्षांनी उलटतपासणीत कळते.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक, कारण ती जावयाची आहे. पेढीने दिलेल्या धनादेशात पेढी आणि सही करणारा यांच्याखेरीज जो भागीदार कारभाराला प्रत्यक्ष जबाबदार असेल त्याच्यावरच दायित्व येते. केवळ भागीदारीपत्रात नाव आहे एवढे पुरत नाही. चिडलेला मुलगा स्वतः नोटीस लिहायला बसला तर सर्व भागीदारांची नावे ओळीने घालील. जाणता वकील पेढी आणि सही करणारे दीर एवढ्यांवरच थांबेल, आणि मुलीच्या नवऱ्याला समन्स जाण्याचा प्रसंग टळेल. उलट चूकही होते : समोर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असताना ओळखीच्या संचालकालाच तेवढे आरोपी केले जाते आणि कंपनी राहून जाते. मग प्रकरण पायाशीच ढासळते.

कोऱ्या धनादेशांबद्दलही येथे सांगावेसे वाटते. उधारीवर माल देताना तारण म्हणून सही केलेला कोरा धनादेश ठेवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. रक्कम नंतर भरली म्हणून तो आपोआप निरर्थक ठरत नाही; कायद्याचे गृहीतक धारकाच्याच बाजूने असते. मात्र भरलेला आकडा खात्यातील येण्याशी जुळला पाहिजे. वाढवून लिहिलेली रक्कम न्यायालयात अडचणीची ठरेलच, शिवाय श्रावकाच्या सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया गणली आहे, हे विसरता येत नाही.

पंधरा दिवस संपले, पैसे आले नाहीत, तर वकीलपत्राचा विचार करावा. समोरचा सही नाकारत असेल, मालाच्या प्रतीचा वाद काढत असेल, खाते मिटल्याचे सांगत असेल, किंवा रक्कम पेढीच्या भांडवलाला हादरा देणारी असेल, तर वकील न लावणे हा खोटा काटकसरीपणा ठरेल. २०१५ च्या दुरुस्तीमुळे धनादेश ज्या शाखेतील आपल्या खात्यात जमा करण्यासाठी दिला, तेथील न्यायालयात तक्रार चालते. सांगलीच्या व्यापाऱ्याला पुण्याचे हेलपाटे नाहीत. खटला सहा महिन्यांत संपावा ही कायद्याची अपेक्षा. प्रत्यक्षात वर्षे लागतात. मात्र आरोपीने गुन्हा नाकारल्यावर धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते, आणि कोणत्याही टप्प्यावर तडजोड करता येते. फी आधी ठरवून लेखी घ्यावी. वसुलीतील टक्का मागणारा वकील सोयीचा वाटतो, पण बार कौन्सिलच्या नियमांत तशी फी निषिद्ध आहे. तेथून उठावे हे बरे.

आणखी एक कॅलेंडर मुनीमजींनी भिंतीवर लावावे. कलम १३८ चा खटला चालू आहे म्हणून वसुलीच्या दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत थांबत नाही. सोयरे मंडळी सामोपचाराने हप्ते कबूल करीत असतील तर त्या तीन वर्षांच्या आतच, बाकी रकमेचा उल्लेख असलेल्या साध्या पत्रावर पेढीची सही आणि तारीख घेऊन ठेवावी. त्या सहीच्या दिवसापासून मुदत पुन्हा मोजली जाते.