नानकटाई, विसाव्या रोज्याच्या आत

दुसरा अश्रा अर्धा सरला की घराघरांत एकच विषय निघतो, ईदच्या डब्यात काय ठेवायचे? शीरखुर्म्यावर चर्चा होत नाही. सुकामेवा चाँदरातीला भिजणार, शेवया परतल्या जाणार आणि पहाटे दूध उकळणार, हे ठरलेलेच असते. प्रश्न असतो तो कोरड्या जिन्नसांचा. त्यावर आजकालचे सरळ उत्तर म्हणजे, “बेकरीतून आणू.” आणावे, त्यात वाईट काही नाही. पण नानकटाईपुरता आम्ही या पानावर हट्ट धरणार आहोत. ती घरी करावी आणि विसाव्या रोज्याच्या आत करावी. घरी का, त्याचे उत्तर चवीत आहे. विसाव्या रोज्याच्या आत का, ते आधी सांगतो, कारण आम्हाला ते चवीपेक्षा मोठे वाटते.

शेवटच्या दहा रात्री इबादतीच्या. लैलतुल कद्र त्यातल्याच ताक रात्रींत शोधायची असते. घरातले पुरुष तरावीहनंतरही मशिदीत थांबतात, कुणी एतिकाफला बसतो. आणि घरातली बाई? ती इफ्तारची भांडी आवरून सहेरीची तयारी करते आणि मधल्या दोन-तीन तासांत ईदचे पदार्थ करते. मागे एकदा रमजानच्या अखेरीस आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, “अम्मी रात्रभर जागी होती.” आम्ही विचारले, “नमाजला?” ती म्हणाली, “नाही, बिस्किटांना.” वर्ग हसला. तिला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही, आणि खरे तर नव्हतेच.

ईदचे काही पदार्थ उशिरा करावेच लागतात. नानकटाई त्यातली नाही. तिच्यात पाण्याचा थेंब नसतो, असते ते पीठ, तूप, साखर. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ती तीन आठवडे सहज खुसखुशीत राहते. दही-दूध घालून केलेली इतकी टिकत नाही, म्हणून आमच्या मापात ते नाही. पंधराव्या-सोळाव्या रोज्याला केलेली नानकटाई ईदच्या सकाळी ताटात ठेवली तर कुणाला फरक कळणार नाही. उलट चार दिवस मुरली की वेलदोड्याचा वास तुपात उतरतो आणि ती पहिल्या दिवसापेक्षा बरी लागते.

रोज्यात पदार्थ करताना एक अडचण असते, जिभेवर ठेवून अंदाज घेता येत नाही. साखर कमी आहे का, मीठ पडले का, हे इफ्तारनंतरच कळणार. म्हणून “अंदाजाने” हा आमच्या दादी-नानींचा शब्द इथे बाजूला ठेवून वजनकाटा काढावा. मैदा २५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, साजूक तूप १८० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात मध्यम आकाराच्या तीसेक नानकटाया होतात. बेसन आवडत नसेल तर तेवढा मैदा वाढवा, पण भाजताना बेसनाचा जो खमंग वास सुटतो तो मग मिळणार नाही.

आता मसाला, कारण नानकटाईचा जीव त्यातच आहे. दहा-बारा हिरवे वेलदोडे सोलून दाणे दोन चमचे पिठीसाखरेबरोबर कुटावेत. साखरेबरोबर कुटले की बारीक पूड होते आणि खलबत्त्याला काही चिकटून राहत नाही. टरफले चहाच्या डब्यात टाका. जायफळ मात्र अख्खेच आणावे आणि आयत्या वेळी किसावे. तयार पूड महिनाभरात नुसती भुकटी होते, वास उडालेला असतो. एका जायफळाचा पाव भाग या मापाला पुरे, हात सैल सोडला तर नानकटाई कडवट होते. कोकणातल्या वाचकांनी तर बाजाराकडे पाहायचे कारणच नाही. नारळी-पोफळीच्या बागांत आता जायफळाची झाडे दिसतात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने “कोकण सुगंधा” नावाची जातही दिली आहे. चिमूटभर सुंठ घातली तरी चालते, ज्येष्ठांना ती आवडते. लवंग नको, ती बाकीच्यांना बोलू देत नाही. आणि व्हॅनिलाच्या बाटलीची तर काही गरजच नाही.

तुपाबद्दल थोडे. गेली काही वर्षे ईद उन्हाळ्याच्या तोंडावर येते आणि बरणीतले तूप पातळ झालेले असते. पातळ तुपात मळलेल्या नानकटाया ट्रेमध्ये पसरून पापड होतात. तुपाचे भांडे थंड पाण्यात ठेवावे, ते लोण्यासारखे घट्ट झाले की परातीत घेऊन पिठीसाखरेसह तळहाताने फेसायला लागावे. दहा मिनिटे लागतात. पिवळे तूप पांढरे होते, फुलते, हाताला हलके लागते. या दहा मिनिटांत तुपात जी हवा शिरते तिच्यामुळेच नानकटाई तोंडात विरघळते. काही घरांत स्वस्त पडते म्हणून वनस्पती तूप वापरतात. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली, त्यामुळे पूर्वीइतकी भीती उरली नाही. पण टाळूला चिकटणारा तो मेणचट थर कुठल्या नियमाने जायचा? अर्धा किलो साजूक तूप परवडत नसेल तर नानकटाया निम्म्या करा, असे आमचे मत.

हे फेसण्याचे काम घरातल्या मुलांकडे द्यावे. मुलग्यांकडे, असे मुद्दाम लिहितो. क्रिकेट खेळून आलेल्या हाताला दहा मिनिटे परात फिरवणे जड नाही. आमच्या घरी इफ्तारनंतर दस्तरखान उचलला की धाकटा परात घेऊन बसतो, अब्बा वेलदोडे सोलतात, आणि गोळे वळायला सगळ्यांचे हात. आठवडाभर चालणारे एकटीचे काम अशा दोन संध्याकाळींत संपते.

फेसलेल्या तुपात चाळलेली पिठे आणि मसाला घालून हलक्या हाताने गोळा करावा. मळायचे नाही, मळले की नानकटाई चिवट होते. गोळा भुसभुशीत वाटला तर अर्धा चमचा तूप घाला, पाणी नको. वीस मिनिटे झाकून ठेवा, मग लिंबाएवढे गोळे वळून किंचित चपटे करा आणि अंगठ्याने मध्ये खळगा पाडून चारोळी किंवा बदामाचा काप दाबा. कडा थोड्या तडकल्या तर घाबरू नये, त्या तडकायच्याच असतात.

ओव्हन असेल तर आधी दहा मिनिटे तापवून १६० अंशांवर वीस मिनिटे. नसेल तर जाड बुडाची कढई घ्या, तळाशी वाटीभर जाडे मीठ पसरा, त्यावर तिवई, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्या, मग ताटली ठेवून मंद आचेवर पंचवीस मिनिटे. एका वेळी सात-आठच बसतात, म्हणजे पूर्ण मापाला चार खेपा, जवळपास दोन तास. तेच मीठ पुन्हा पुढच्या खेपेला चालते. भाजली की नाही हे वरून पाहू नका, वरचा रंग फिकाच राहतो. एक उलटून बघा, तळ बदामी झाला असेल तर काढा. गरम असताना ती मऊ लागेल आणि कच्ची राहिली असे वाटेल. तसे नाही, निवल्यावर कडक होते. अजून पाच मिनिटे ठेवण्याच्या मोहात कित्येक घरच्या नानकटाया दगड होतात. पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नये, आतल्या वाफेने त्या नरम पडतात.

पूर्वी हे भाजणे घरी होतच नव्हते. आमच्या लहानपणी गोळे वळून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे आणि मोहल्ल्यातल्या बेकरीत न्यायचे. ट्रेवर नावाची चिठ्ठी. पहाटेचे पाव निघाले की भट्टीची आग उतरलेली असायची, पाव भाजणारी कडक धग गेलेली आणि दगडांत साठलेली मंद ऊब उरलेली. नानकटाईला हीच ऊब हवी असते, म्हणून तिची पाळी नेहमी पावानंतर. भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या फळीने ट्रे आत सरकवत आणि चिठ्ठ्या जळाल्या तरी कुठला ट्रे कुणाचा हे त्यांना पाठ असे. दिवाळीच्या आधी त्याच रांगेत फराळाच्या नानकटाईचे ट्रे असत. आता भट्ट्याच कमी होत चालल्या आहेत. मुंबईत तर २०२५ साली लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगण्यात आले. धुराचा विचार केला तर ते योग्यच म्हणावे लागेल, भट्टीशेजारी राहणाऱ्यांच्या छातीला विचारा. पण वीज किंवा गॅसवर चालणारी बेकरीसुद्धा दुपारच्या रिकाम्या वेळेत मोहल्ल्याचे ट्रे भाजून देऊ शकते. तुमच्याकडची देत असेल तर जरूर न्या, चार खेपांचे दोन तास वाचतील.

नावाची एक गंमत. उर्दूच्या तासाला मुले “नानख़ताई” वाचून हसतात, कारण ख़ता म्हणजे चूक, आणि नान म्हणजे रोटी. चुकून झालेली रोटी! पण हा ख़ता वेगळा, ते उत्तर चीनचे जुने फारसी नाव मानले जाते. मराठीत येताना ख चा क झाला, एवढेच. आजच्या नानकटाईचे गाव सुरत समजले जाते. तिथल्या डच वखारीची बेकरी पुढे दोटीवाला या पारशी कुटुंबाकडे आली, अशी कथा आहे. त्या काळी पीठ फुगवायला ताडी वापरत आणि अंडीही घालत. गिऱ्हाईक बिचकायचे, तेव्हा ताडी गेली, अंडीही गेली, आणि तूप-पीठ-साखरेची साधी नानकटाई उरली. ताडी गेली नसती तर ती आपल्या दस्तरखानावर आलीच नसती.

ईदला घरी बिस्किटे भाजण्याची चाल एकट्या आपलीच नाही. मिसरमध्ये ईदुल फित्रला “कहक” करतात. तूप-मैद्याचे गोल बिस्किट, आत खजूर किंवा मेवा, वर चिमट्याने काढलेली नक्षी आणि पिठीसाखर. त्याचा मसाला वेगळा विकत मिळतो, त्याला “रीहत अल-कहक” म्हणजे कहकचा सुगंध म्हणतात. कैरोच्या गल्ल्यांतही बायका रमजानच्या अखेरीस ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जात. फातिमी खलिफांच्या काळात तर ईदची मिठाई करून वाटण्यासाठी “दार अल-फित्र” नावाचे सरकारी घरच होते. शामकडे याच जातीचे “मामूल” असते, लाकडी साच्यात ठोकून काढलेले. ज्यांच्या घरचे कुणी आखातात आहे त्यांनी ते डबाबंद खाल्ले असेल.

ताटांचा विचार डबा भरतानाच करावा. नानकटाईत अंडे नाही, म्हणून ती शेजारच्या कुठल्याही घरी निर्धास्त देता येते. ईदच्या दिवशी शेजारच्या काकूंचा उपास असला तर शीरखुर्म्याची वाटी परत न्यावी लागते, नानकटाई मात्र उद्यासाठी ठेवून घेता येते. मधुमेह असलेल्यांसाठी वेगळे साखरेविना काही करू जाऊ नका, ते कुणी खात नाही. चार-सहा गोळे सुपारीएवढे वळा, त्यांनाही ताटातले काही मिळाल्याचे समाधान. आणि मोजणी आधीच करून ठेवा, किती घरे, घरटी किती. आमच्याकडे अकरा घरे होतात, घरटी सहा, म्हणजे वरचे माप दोनदा करून सहासष्ट, आणि चुकून जास्त झाल्या तर त्या मुलांच्या शाळेच्या डब्यात.

डबा फडताळात सर्वात वरच्या खणात ठेवावा, मागे, तांदळाच्या डब्याआड. सत्ताविसाव्या रोज्यापर्यंत तो तिथेच असला पाहिजे.