औषधीचा ‘देश’ मातीखालीही असतो

द्रव्यपरीक्षणात आपल्या आचार्यांनी देशाला मोठे स्थान दिले आहे. औषधभूमींमध्ये चरकाचार्यांनी हिमालय श्रेष्ठ मानला, हे आपण सर्व जाणतोच. परंतु देश म्हणजे केवळ उंची, थंडी व पर्जन्य नव्हे. मुळांशी नांदणारी बुरशी हाही देशाचाच भाग होय, असे आमचे मत आहे.

शीत प्रदेशातील मातीत कुजण्याची क्रिया मंद चालते. त्यामुळे नत्र व स्फुरद वनस्पतीस सहजी मिळत नाहीत. मुळांत व मुळांभोवती पसरलेले बुरशीचे तंतू ते आणून देतात आणि मोबदल्यात वनस्पतीकडून शर्करा घेतात. या सहजीवनास जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ साली ‘मायकोरायझा’ हे नाव दिले.

अष्टवर्गाच्या संदर्भात ही बाब निर्णायक ठरते. जीवक, ऋषभक, ऋद्धि व वृद्धि म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या हिमालयीन वनस्पती ऑर्किड कुळातील आहेत. त्यांचे बीज धुळीसारखे सूक्ष्म. त्यात अंकुरास पुरेल असा अन्नसाठा नसतो. निसर्गात योग्य बुरशीच्या साहाय्यावाचून ते रुजत नाही. ऑर्किडांचे हे रहस्य फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ साली उलगडले.

प्रयोगशाळेत रोपे करता येतील, असा आक्षेप घेतला जाईल. १९२२ साली नडसन यांनी शर्करायुक्त माध्यमात बुरशीविना असे बीज रुजविलेही. तथापि काचपात्रातील रोपांनी डोंगरउतारावरील उपसलेली वसाहत आपोआप भरून निघत नाही. फुलण्यापूर्वीच कंद उपटला की बीजही गेले आणि बुरशीचा सोबतीही गेला.

आमच्या गिरड परिसरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांजवळ पोहोचतो. येथे जीवक लावण्याचा हट्ट व्यर्थ होय. भावमिश्रांनी यावर मार्ग सांगून ठेवला आहे: मेदा-महामेदेऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, काकोलीद्वयाऐवजी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धीऐवजी वाराहीकंद. काही वैद्यबंधू प्रतिनिधिद्रव्यास दुय्यम लेखतात. आम्हांस ते मान्य नाही. दुर्मिळ कंदाच्या नावाखाली मिळणाऱ्या संशयास्पद मालापेक्षा ओळखीच्या शेतातील शतावरी रुग्णास अधिक हितकर होय.

मात्र तिच्या मुळांशीही बुरशी नांदते. स्फुरदयुक्त खतांचा अतिरेक व बुरशीनाशकांचा सरसकट वापर तिला मारक ठरतो. म्हणून द्रव्य घेताना ते कोठे व कसे वाढले, हे वैद्याने विचारावे. प्रतिनिधिद्रव्य वापरल्यास तसे पुडीवर स्पष्ट लिहावे. हिमालयाचा गौरव करावयाचा, तर त्याच्या मातीचेही रक्षण आपणच केले पाहिजे.