खाऱ्या वाळूवरील धातुशोधक

समुद्रस्नान करितांना कोणा मातेच्या बोटांतील अंगठी गळून पडली, कीं धातुशोधक यंत्राची आठवण होते. पण यंत्राची संवेदनशीलता जितकी वाढवावी तितका लाभ अधिक, ही पुष्कळांची समजूत आमच्या मतें चुकीची आहे.

यंत्राच्या वेटोळ्याचें चुंबकीय क्षेत्र धातूंत जसा विद्युत्प्रवाह उत्पन्न करितें, तसाच खाऱ्या पाण्यानें भिजलेल्या वाळूंतही करितें. एक किलो समुद्रजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून सुकी वाळू सोडून ओल्या वाळूवर येतांच यंत्र उगीच ओरडूं लागतें. रत्नागिरीकडील किनाऱ्यासारखी काळी, इल्मेनाइटयुक्त वाळू असली तर गोंधळांत आणखी भर पडते.

अशा वेळीं कित्येकजण नकोसे धातु वगळण्याची कळ वाढवून यंत्रास गप्प करितात. परंतु मिठाचा आवाज व सोन्याच्या बारीक अंगठीचा आवाज हे यंत्रास जवळजवळ सारखेच. एकास कोंडलें कीं दुसराही कोंडला जातो! त्यापेक्षां जेथें धातु नाहीं अशा ओल्या वाळूवर वेटोळें खालींवर करून, आवाज स्थिरावेपर्यंत यंत्राचें जमिनीशीं संतुलन साधावें. मग संवेदनशीलता थोडी उतरवावी, व वेटोळें वाळूस समांतर ठेवून सावकाश फिरवावें.

कोणी म्हणेल, अशानें खोलवरचें कळणार नाहीं. खरें, परंतु सतत ओरडणाऱ्या यंत्रांत वरचेंही ओळखूं येत नाहीं. आणि अंगठी सांपडलीच, तर ती कोणाची तरी आहे, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. ती धन्यास पोंचली तरच शोधाचे श्रम सार्थकीं लागले, असें आम्ही समजतों.