दहा रुपयांचं तेल आणि आपले काटकसरीचे सल्ले

महागाई वाढली की आपल्या फोनवर सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. महिन्याचं वाणसामान एकदम भरा. तेलाचा पंधरा किलोचा डबा घ्या, स्वस्त पडतो. यादी केल्याशिवाय बाजारात जाऊ नका. भिवंडी, मुंब्रा, पडघ्याच्या घरांत हे सल्ले थोडेफार चालतातही. आता तेच घेऊन जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावर जा आणि तिथल्या बाईला सांगून बघा.

तिच्या घरी तेल डब्याने येत नाही. दहा रुपयांचं येतं, बाटलीच्या तळाशी. मसाल्याची पुडी पाच रुपयांची. ज्या दिवशी मजुरी हातात पडली, त्या दिवसापुरतं सामान. मजुरी नसेल तर दुकानदाराच्या वहीत उधारी. या सुट्या मालाचा लिटरमागे, किलोमागे भाव काढा. ती तुमच्या-माझ्यापेक्षा महाग तेल खाते. काटकसर करायला आधी हातात चार पैसे लागतात, हे आपण विसरतो.

देशातल्या ग्रामीण कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चात सुमारे ४७ टक्के वाटा खाण्याचा असतो, असं २०२३-२४च्या सरकारी पाहणीत दिसलं. ही सरासरी झाली. मजुराच्या घरी हा वाटा त्याहून मोठा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणलं. दिल्लीतल्या अशा एका कागदाने शहरात भज्यांचा घाणा लहान होतो. पाड्यावर भाजी नुसतीच उकडली जाते.

मोखाड्यात भूक अचानक येत नाही, तिचं वेळापत्रक ठरलेलं आहे. पावसाच्या पाण्यावर भात, नागली, वरई पिकते. दिवाळीच्या सुमारास घरात धान्य येतं. थोड्याच दिवसांत वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर कुटुंबं गाठोडी बांधून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. आणि मग आषाढ-श्रावण. जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात उभं, मजुरी पावसाने अडवलेली. तेव्हा शेवळी, कुर्डू, बांबूचे कोंब, खेकडे यांवर दिवस निघतो. शहरात हल्ली रानभाज्यांचे महोत्सव भरतात. पाड्यावर रानभाजी हा डाळ परवडत नाही म्हणून केलेला उपाय आहे.

दुसरं पीक का घेत नाहीत, असं विचारणारे भेटतात. त्यांनी मुंबईतला आपला नळ उघडून बघावा. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ आहे. पाऊस मोखाड्यात पडतो, पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या बाया हंडा घेऊन डोंगर चढतात.

"पण सरकार तर फुकट धान्य देतं!" हे वाक्य आपल्या मोहल्ल्यातही सर्रास ऐकू येतं. ठीक आहे, हिशोब करू. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला २५ किलो. दिवसभर राबणाऱ्या घरात माणशी ४०० ग्रॅम धरलं तरी रोजचे दोन किलो लागतात. म्हणजे २५ किलो धान्य तेराव्या दिवशी संपतं. उरलेले सतरा दिवस बाजार. शिवाय कायद्याने हमी दिली ती धान्याची. डाळ, तेल त्यात नाही, आणि महागाई नेमकी तिथेच चावते.

शिवाय घरातल्या सगळ्यांची नावं कार्डावर आहेतच असं नाही. राज्याचा कोटा २०११च्या जनगणनेवर बांधलेला आहे: सुमारे ७ कोटी माणसं, त्यापुढे नाही. त्यानंतर जन्मलेलं पोर, लग्न होऊन आलेली सून यांची नावं चढवायला तहसीलच्या खेपा. एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. डोंगरात यंत्राला रेंज नाही. विटा थापून बोटं गुळगुळीत झालेली, अंगठा उमटत नाही. आधार नाही म्हणून कुणाचं धान्य रोखू नका, असं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. पण तो कागद पाड्यावर जाऊन कोण वाचून दाखवणार?

हे काही आजचं दुखणं नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर मुलं कुपोषणाने दगावली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा हादरला. दोन्ही वेळा दौरे झाले, भाषणं झाली. नंतर आपण विसरलो.

आता आपल्याबद्दल बोलू, कारण हा लेख सरकारसाठी लिहिलेला नाही.

रमजानमध्ये आपण रेशन किट वाटतो. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, खजूर. नियत नेक असते, त्याबद्दल शंका नाही. जकात-फित्र्याच्या पैशाने अनेक घरांत चूल पेटते. पण किट बहुतेक आपल्याच वस्तीत फिरतं, वर्षातून एकदा येतं आणि फोटोसकट येतं. ज्याला किट मिळतं त्याचं रेशन कार्डही अनेकदा अपुरं असतं. ते दुरुस्त करायला अर्धा दिवस कुणी देत नाही. किट देणारा मोठा होतो, घेणारा आहे तिथेच राहतो.

सरकारचंही तसंच. २०२२च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला: शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल. पुढे गुढीपाडवा आला, गणपती आला. तेव्हा आपल्यातले काहीजण म्हणाले, ईदलाही द्या. माझं म्हणणं असं की ही मागणीच चुकीची आहे. सणाचा शिधा ही मर्जी आहे. आज आहे, उद्या नाही, आणि कुणी जाब विचारू शकत नाही. मागायचंच तर बारा महिने डाळ आणि तेल मागा, सगळ्यांसाठी मागा. तामिळनाडूत रेशन दुकानात तूरडाळ ३० रुपये किलो आणि पामतेल २५ रुपये लिटर मिळतं. सण असो वा नसो. जे चेन्नईला जमतं ते मुंबईच्या मंत्रालयाला का जमू नये?

दरवर्षी १५ ऑक्टोबरला आपण अब्दुल कलामांचे फोटो अभिमानाने लावतो. त्यांच्याच नावाने २०१५ मध्ये अमृत आहार योजना सुरू झाली: आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण. सुरुवातीला एका जेवणामागे २२ रुपये धरले होते. नंतर दर वाढवला. पण तो सरकारी आदेशाने कधीतरी वाढतो, डाळीचा भाव आठवड्याला वाढतो. मधला फरक अंगणवाडीच्या पातेल्यातून जातो. कलामांचा फोटो लावणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ते पातेलं पाहिलं आहे?

"आपल्या कौमचे प्रश्न काय कमी आहेत? आदिवासींचं आपण का बघायचं?" हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. तर ऐका. जव्हारच्या बाजारपेठेत दुकानं आपलीही आहेत. भिवंडीच्या आसपास वीटभट्ट्या चालवणाऱ्यांत आपलेही आहेत. पावसाळ्यातल्या भुकेच्या दिवसांत उचल देऊन हंगामभर कुटुंब बांधून घेणारा मुसलमान असला म्हणून ती उचल हलाल होत नाही. मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनात एक आख्खी सूरा आहे, अल-मुतफ्फिफीन. ती फक्त दुसऱ्यांच्या तराजूसाठी उतरलेली नाही. आणि आपल्याला कार्डासाठी, दाखल्यासाठी जी खिडकी दहा वेळा परत पाठवते, तीच खिडकी कातकऱ्यालाही परत पाठवते. एकेकट्याने हुज्जत घातली की दोघंही हरतात.

म्हणून यंदा किटबरोबर थोडी माहितीही घेऊन चला. कातकरी ही अतिमागास जमात. अशा जमातींच्या प्रत्येक कुटुंबाला अंत्योदय कार्ड द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २००३चा आदेश आहे. ज्याच्याकडे नाही त्याचा अर्ज लिहून द्या. रेशनची पावती मागायला शिकवा. पावतीवरचं वजन आणि पिशवीतलं वजन जुळतं का ते बघा. हक्काचं धान्य मिळालं नाही तर कायद्यात अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूद आहे आणि तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर अधिकारी नेमायचा आहे. तक्रार लेखी करा, पोच घ्या.

आणि भिवंडीकरांनो, तुमच्यासाठी सगळ्यात सोपं काम. मोखाड्याचं रेशन कार्ड तुमच्या गल्लीतल्या दुकानातही चालतं. भट्टीवर आलेल्या कुटुंबाला हे बहुतेक कुणी सांगत नाही, आणि भट्टीमालक सुट्टी देत नाही. भट्टी ओळखीच्या चाचाची असेल तर त्यांच्याशी बोला. एका रविवारी दोन कुटुंबांना घेऊन दुकानात जा. दुकानदार नाही म्हणाला, तर तिथेच उभे राहा. फोटो नाही काढला तरी चालेल.