समजून घ्या : कोळशाची सरासरी कागदावर जमते, मग भट्टीत का नाही?

लोणावळ्याचा चिक्की कारागीर गुळाच्या पाकाचा थेंब आधी पाण्यात टाकून बघतो. थेंब कडक झाला तरच कढईत शेंगदाणे पडतात. घाट उतरून खोपोली-पेणमार्गे डोलवीला गेलात, की जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना लागतो. अशा कारखान्यांना लागणाऱ्या कोकचाही ‘पाक’ आधी छोट्या प्रमाणावर तपासावा लागतो.

कोक म्हणजे हवा लागू न देता सुमारे १००० अंशांवर भाजलेला कोळसा. भाजताना तो ४०० अंशांच्या आसपास मऊ होतो, फुगतो आणि ५००च्या आसपास पुन्हा घट्ट होतो. सगळ्या कोळशांना हे जमत नाही. आपल्या चंद्रपूरचा कोळसा विजेसाठी ठीक, कोकसाठी नाही. झारखंडमधल्या झरियाच्या कोळशाला जमतं, पण त्यात राख फार. म्हणून ऑस्ट्रेलियाहून बोटी येतात आणि खर्च आवरायला वेगवेगळे कोळसे मिसळले जातात.

घोळ इथेच होतो. राखेची सरासरी निघते : १० टक्के आणि २० टक्के राखेचे कोळसे निम्मे-निम्मे घेतले की १५. ताकदीचं तसं नाही. एक कोळसा मऊ होताना दुसरा अजून कडक असेल, तर दोघं एकजीव होत नाहीत. (इंजिनिअरिंगला सरासरी काढून आम्ही बरेच मार्क मिळवले, इथे नापास झालो असतो.)

म्हणून आधी फुगवटा आणि मऊपणा मोजतात, मग छोट्या भट्टीत थोड्या मिश्रणाचा कोक करतात. त्यातला २०० ग्रॅम कोक ११०० अंशांवर दोन तास कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात आणि नंतर ड्रममध्ये ६०० फेरे देतात. मोठे तुकडे किती टक्के उरले, तो आकडा म्हणजे ‘सीएसआर’. तो कमी आला, तर झोतभट्टीत वरच्या खनिजाच्या भाराखाली कोकचा चुरा होतो आणि गरम वायूची वाट तुंबते.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने कमी राखेच्या कोकच्या आयातीवर मर्यादा घातली होती. अशा मर्यादांमुळे इथेच कोक करण्याचा आणि त्यात देशी कोळसा वाढवण्याचा आग्रह वाढतो. वाढवावाच. पण किती टक्के, हे बैठकीत ठरवू नये. आधी ड्रम फिरवून बघा. आणि छोट्या भट्टीचा आकडा मोठ्या भट्टीत जसाच्या तसा उतरत नाही. कोणतं मिश्रण सरस, एवढंच ती सांगते. पुढे काहीशे किलोंची चाचणी करावीच लागते. तिचा खर्च ‘वाचवण्याची’ जागा समजणारे अधिकारी मात्र मला कधीच कळले नाहीत.