फावल्या वेळाची किंमत

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचा विक्री-मेळावा भरला होता. कुणी भेळ मांडली, कुणी कुंदा, कुणी रंगवलेल्या पणत्या. आम्ही चौघा मित्रांनी क्रोशाने विणलेले चिमुकले डायनोसॉर विकायला ठेवले. उंची अडीच इंच, पोटात कापूस, डोक्यावर किल्ल्या अडकवायची कडी. निम्मे लांब मानेचे आणि निम्मे पाठीवर तिकोनी काट्यांची रांग असलेले. एकूण ४० नग होते. दुपारी दोनच्या आत टेबल रिकामे झाले आणि संध्याकाळी सर्वाधिक नफ्याचे प्रमाणपत्र आमच्या हातात पडले.

हा लेख त्या प्रमाणपत्राविषयी आहे. ते मला आता खोटे वाटते. दोष परीक्षकांचा नाही. हिशेबाचा कागद मीच लिहून दिला होता.

तो कागद असा होता. एका नगाला दोरा १५ रुपये, कापूस ४, कडी ६, नावाची चिठ्ठी आणि पिशवी ५, म्हणजे साहित्य ३० रुपये. विक्रीची किंमत ९० रुपये. ४० नगांचे आले ३,६०० रुपये. त्यातून साहित्याचे १,२०० आणि टेबलाचे भाडे ४०० वजा केले. नफा २,००० रुपये. चौघांनी प्रत्येकी ५०० वाटून घेतले. ज्या माणसाने ते चाळीसच्या चाळीस डायनोसॉर विणले होते त्याच्यासाठी आम्ही अर्धा किलो कुंदा नेला. ते माणूस म्हणजे माझी आई. कुंदा तिने आम्हालाच वाढला.

पुढे दोन-तीन महिन्यांनी वर्गात कॉस्टिंगचा तास चालू होता. सरांनी फळ्यावर लिहिले : प्रत्यक्ष साहित्य अधिक प्रत्यक्ष मजुरी अधिक प्रत्यक्ष खर्च, बरोबर मूळ परिव्यय. मी ते वहीत उतरवून घेतले आणि दुसऱ्या शब्दापाशी अडकलो. आमच्या कागदावर साहित्य होते, खर्चही होता. मजुरीचा रकानाच नव्हता. सर पुढे म्हणाले की, मालक स्वतःच्या जागेत धंदा करीत असेल आणि भाडे देत नसेल, तरी निर्णय घेताना त्या जागेचे भाडे मनात धरावे लागते. मला वाटले, जागेचे भाडे धरायचे, मग आईच्या हातांचे का नाही?

घरी जाऊन आईला विचारले, "एकाला किती वेळ लागत होता गं?"

"दोन तास तरी जायचे. मानेचा असला की थोडं जास्तच."

४० नगांचे ८० तास झाले. मेळाव्याआधीच्या वीस रात्री ती विणत होती, म्हणजे रात्री चार तास. जेवणे, भांडी, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणे हे सारे उरकून नऊला बसायची आणि एकला उठायची. सकाळी साडेपाचला पुन्हा नळाला पाणी भरायला हजर. त्या वीस रात्री मी काय करीत होतो? झोपलो होतो.

आमचा सगळा नफा जरी आईला दिला असता, तरी २,००० भागिले ८० म्हणजे तासाला २५ रुपये पडले असते. आठ तासांचे २००. आमच्या गल्लीत घराचे बांधकाम चालू आहे. तिथल्या बिगाऱ्याला दिवसाला याच्या दुपटीहून जास्त मिळतात, आणि तेही कमीच आहेत असे त्याचे म्हणणे असते. आईला मिळाले शून्य. म्हणजे आम्ही नफा कमावला नव्हता. न दिलेली मजुरी आम्ही आपसांत वाटून घेतली होती.

हे तिला सांगितले, तर ती हसली. "राहू दे की रे! टीव्ही बघत बघत केलं. फावल्या वेळातलं काम ते."

हा 'फावला वेळ' मात्र माझ्या डोक्यातून जाईना. एका रविवारी मीच आईकडून सुई मागून घेतली. आईने शिकवायला आनंदाने सुरुवात केली आणि अर्ध्या तासात कपाळाला हात लावला. दोऱ्याचा फास करायचा, त्यात सहा मुके खांब घालायचे. पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, मग चोवीस. फेरीमागे सहा वाढवत गेले की सपाट चकती होते. वाढवणे थांबवले की तीच चकती वाटीसारखी वळते. दोन टाक्यांचा एक करीत गेले की तोंड मिटू लागते. मिटण्याआधी कापूस भरायचा. डोके, धड, चार पाय, शेपूट हे सारे या एवढ्याच गणितातून निघते. मोजणीत एक टाका चुकला की दोन फेऱ्यांनंतर पोटाला कुबड येते, आणि मग उसवण्याला पर्याय नाही. डोळे आई दोऱ्यानेच भरते, कारण चिकटवलेला मणी निघाला तर लहान मूल तो तोंडात घालते. माझा पहिला डायनोसॉर संध्याकाळी पुरा झाला. त्याची मान उजवीकडे वळली आहे आणि तो कायम मागे कोण येत आहे ते बघत असतो. आई सगळ्याच डायनोसॉरांना 'घोरपड' म्हणते, माझा पाहून ती म्हणाली, "ही घोरपड नव्हे, पाल झाली."

मला त्यातून एवढे कळले, की टीव्ही बघत केले म्हणून काम हलके होत नाही. टीव्हीवर कान होता. डोळे, बोटे आणि मोजणी दोऱ्यावर होती.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा खेळण्याचे एवढे काय? म्हणून थोडे मोठे उदाहरण देतो. आंध्र प्रदेशातील नरसापूर भागात क्रोशाची लेस विणण्याचा धंदा मिशनऱ्यांच्या काळापासून चालत आला आहे. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्या स्त्रिया घरात बसून नगावर विणीत, त्यांची लेस परदेशांत जाई, व्यापार पुरुषांच्या हातात असे. आणि दिवसाचे कितीतरी तास विणूनही त्यांना कामगार कुणी म्हणत नसे. त्या 'गृहिणी', आणि लेस हा त्यांचा 'फावल्या वेळचा' उद्योग! एकदा काम फावल्या वेळातले ठरले की दर कितीही खाली नेता येतो, हे त्या पुस्तकातले मर्म आहे. आमच्या टेबलाचा आणि त्या धंद्याचा आकार वेगळा असेल, पण युक्ती तीच होती. आम्ही ती न शिकताच वापरली.

दूर कशाला जायचे? आमच्या शहापूर-वडगाव भागात मागांचा खडखडाट ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. विणकराला साडीमागे मजुरी ठरलेली असते. ती पुरते की नाही यावर भांडण होते, पण मजुरी द्यायची असते याबद्दल कुणाचे दुमत नसते. 'तू फावल्या वेळात साडी विणलीस' असे विणकराला सांगण्याची कुणाची छाती नाही. त्याच घरात कांड्या भरणाऱ्या बाईची मजुरी मात्र साडीत मुरून जाते. ती वेगळी कुणी मोजत नाही. म्हणजे प्रश्न धाग्याचा नाही आणि सुईचाही नाही. काम कोण करते आणि कुठे बसून करते, यावर त्याला काम म्हणायचे की हौस म्हणायची ते ठरते.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की हे आवडीने केले जाते. त्यात पैसा आणला की आवड मरते. मला हे पटत नाही. गवई आवडीने गातो आणि बिदागी घेतो. आमचे सर आवडीने शिकवतात आणि पगार घेतात. आवड ही काम चांगले होण्याचे कारण असू शकते, फुकट होण्याचे नव्हे. भाचीच्या वाढदिवसाला विणून दिलेल्या डायनोसॉरचे बिल कुणी करू नये, हे खरे. पण ज्या क्षणी आपण टेबल मांडतो आणि पैसे घेतो, त्या क्षणी ती भेट राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बाजारात असाच डायनोसॉर ६० रुपयांना मिळतो, मग जास्त कोण देईल? आमच्या टेबलापाशीही एकजण म्हणून गेला, "मशीनवर केलेला याहून स्वस्त पडतो." इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मलाही ठाऊक नव्हती. दोन सुयांच्या विणकामाचे यंत्र फार जुने आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने ते १५८९ साली केले. त्या विणकामात सबंध ओळीचे टाके सुईवर उघडे असतात, म्हणून ते यंत्राला साधते. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे पुरा होतो आणि सुई विणलेल्या भागात हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या दिशेने शिरते. हे करणारे यंत्र प्रयोगशाळेबाहेर, कारखान्यात अजून रुळलेले नाही. तेव्हा ६० रुपयांचा क्रोशाचा डायनोसॉर यंत्राने केला म्हणून स्वस्त नसतो. तोही कुणीतरी टाके मोजत हातानेच विणलेला असतो. ते हात कुठल्या गावचे, कुठल्या देशाचे, हे आपल्याला दिसत नाही एवढेच. स्वस्ताईचे कारण यंत्रात नाही, मजुरीत आहे.

म्हणून यंदाच्या मेळाव्यात मी वेगळे करून पाहिले. आईला म्हटले, तासाचा दर तू ठरव. तिने फार वेळ विचार केला. चार वेळा 'तूच सांग' म्हणाली आणि शेवटी संकोचत म्हणाली, "साठ." ३० रुपये साहित्य, दोन तासांचे १२०, आणि टेबल तिघांत मिळून घेतल्यामुळे भाड्याचे सुमारे १०. किंमत १६० रुपये. बाराच नग केले, तेही दिवसाउजेडी. सगळे लांब मानेचे केले आणि चिठ्ठीवर नाव लिहिले 'बारापासॉरस'. हा आपल्याकडचाच प्राणी. याची हाडे गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यात सापडली. त्याला १९७५ साली शास्त्रीय नाव मिळाले, त्यात रवींद्रनाथ टागोरांचेही नाव गुंफलेले आहे. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत उभा आहे. आकडेमोडीच्या संस्थेत डायनोसॉर असतो, तर डायनोसॉरच्या चिठ्ठीवर आकडे असायला हरकत नव्हती. म्हणून खाली लिहिले : साहित्य ३०, दोन तासांची मजुरी १२०, भाडे १०.

लोकांनी चिठ्ठ्या वाचल्या. काहींनी नग परत ठेवला. एक बाई चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "तासाला साठच?" आणि त्यांनी दोन घेतले. एकूण सात गेले, पाच परत आले. सात नगांची मजुरी ८४० रुपये मी आईच्या हातात ठेवली. बाकी साहित्य आणि भाडे मिळून २१३ रुपये मला खिशातून घालावे लागले. प्रमाणपत्र भेळवाल्यांना गेले. तेव्हा योग्य दर लावला की धंदा आपोआप चालतो, असा दावा मी करणार नाही. माझ्या हिशेबात तोटा आहे आणि तो मी लिहिला आहे. पण गेल्या वर्षीही तोटा होताच. फक्त तो आईने सोसला होता आणि कागदावर नव्हता.

माझा एक मित्र आपल्या याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. त्याची आजी गोधड्या शिवते. गोधडीचे काय घेणार म्हणून विचारले, तर तो अभिमानाने म्हणाला, "अदक्के बेले इल्ल." म्हणजे तिला मोलच नाही, ती अमोल आहे. पण तेच वाक्य दुसऱ्या सुरात म्हटले, तर अर्थ होतो : तिला काही किंमत नाही. कन्नडात 'बेले' म्हणजे भाव आणि 'बेले' म्हणजे मानही. मराठीतही तसेच आहे. माणसाला किंमत देतात आणि वस्तूचीही किंमत देतात. आपल्या दोन्ही भाषांनी हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवले आहेत. घरातल्या हातांच्या बाबतीत आपण मात्र पहिला अर्थ तोंडाने देतो आणि दुसरा देतच नाही. 'आईच्या हाताची सर कशाला नाही' असे म्हणून आपण हिशेब मिटवून टाकतो.

माझी मागणी लहानशी आहे. पुढील मेळाव्याच्या हिशेब-पत्रकात साहित्य आणि भाडे यांच्याखाली 'घरच्यांची मजुरी' असा एक रकाना छापावा. डायनोसॉरवाल्यांनाच नव्हे, सर्वांना. भेळेची चटणी कुणी वाटली, बटाटे कुणी उकडले, पणत्यांना पहिला हात कुणी दिला, ते तास तिथे यावेत. दर ज्याचा त्याने ठरवावा. कुणाला शून्य लिहायचे असेल तर खुशाल लिहावे, पण रकाना कोरा ठेवू नये. स्वतःच्या हाताने शून्य लिहिताना माणूस क्षणभर थांबतो. गेल्या वर्षी मी तसा थांबलो असतो, तर अर्धा किलो कुंदा घेऊन घरी गेलो नसतो.